अजिंठ्याचे दानलेख : आत्महित, परहित आणि संघाची मालकी

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यात, फर्दापूरच्या दक्षिणेस, वाघूर नदीच्या अर्धवर्तुळाकार कड्यात अजिंठ्याची तीस लेणी आहेत. या लेण्यांतील चित्रांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. शिल्पांविषयी त्याहून थोडे, आणि लेखांविषयी फारच थोडे लिहिले गेले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६० च्या दशकात येथील लेखांचे वाचन केले, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बर्जेस यांच्या सहकार्याने १८८१ मध्ये ते संग्रहित केले आणि म. म. वा. वि. मिराशी यांनी १९६३ च्या आपल्या वाकाटक लेखसंग्रहात त्यांतील प्रमुख लेखांचे चिकित्सक संपादन केले. ही परंपरा आपली आहे. परंतु या लेखांकडे राजवंशांची वंशावळ आणि कालगणना यांची साधने म्हणूनच पाहिले गेले. दान देणाऱ्याने दान का दिले, कोणासाठी दिले आणि दिल्यानंतर ती वस्तू कोणाची झाली, हे प्रश्न मागे राहिले.

हे प्रश्न केवळ पुरातत्त्वाचे नाहीत. व्यक्तीचे हित आणि समूहाचे हित यांचा मेळ कसा घालावा, हा आजच्या समाजापुढील प्रश्न आहे आणि तो आपल्या विहारांपुढीलही प्रश्न आहे. म्हणून प्रस्तुत लेखात अजिंठ्याच्या दानलेखांच्या प्रचलित अर्थनिर्णयाची चिकित्सा करून, पालि विनय व सुत्त यांच्या आधारे त्या लेखांचे निराळे वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. लेख काय सांगतात

अजिंठ्याचे लेख दोन कालखंडांचे आहेत. पहिला कालखंड सातवाहनकालीन. दहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीवर ब्राह्मी लिपीतील एक छोटा लेख आहे. वासिठिपुत्र कटहादि याने हे ‘घरमुख’, म्हणजे लेण्याचा दर्शनी भाग, दान दिला, एवढेच तो सांगतो. बाराव्या लेण्यात घनामदड नावाच्या व्यापाऱ्याच्या दानाचा उल्लेख आहे. कटहादि हा संपूर्ण चैत्याचा दाता असल्याचा दावा करीत नाही. एकाने दर्शनी भाग द्यावा, दुसऱ्याने भिंत, तिसऱ्याने आणखी काही, आणि त्यातून एक चैत्य उभा राहावा, अशी ही रीत दिसते. कार्ल्याच्या चैत्यगृहात ती अधिक स्पष्ट आहे. तेथे एकेका स्तंभावर एकेका दात्याचे नाव आहे आणि त्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत. याच कार्ल्यात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्कृष्ट असल्याचे अभिमानाने नोंदवतो. तेव्हा प्राचीन दाते नावाविषयी उदासीन होते, असा भाबडा समज आपण करून घेऊ नये. त्यांना नाव हवे होते. परंतु ते नाव त्यांच्या वाट्याच्या स्तंभापुरतेच होते.

दुसरा कालखंड इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धाचा, वाकाटक नृपती हरिषेणाचा. या काळात दानाची रीत पालटली. सोळावे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दिले. त्याच्या लेखात आधी विंध्यशक्तीपासूनची वाकाटक वंशावळ येते, नंतर स्वतःच्या घराण्याची कीर्ती, आणि मग गवाक्ष, स्तंभ, चित्रे, आतील बुद्धाचे चैत्यमंदिर, पाण्याचे मोठे टाके आणि नागराजाचे स्थान यांचे वर्णन येते. सतरावे लेणे एका मांडलिक राजपुत्राचे आहे. लेख भंगल्याने त्याचे नाव उरलेले नाही. त्याचा धाकटा भाऊ रविसांब मरण पावला आणि अनित्यतेच्या जाणिवेने त्याचे मन धम्माकडे वळले, असे लेख सांगतो. क्षुद्र मनाच्या माणसाला कल्पनाही करता येणार नाही असे हे मंडप-रत्न आपण घडविले, अशी प्रौढीही त्यात आहे. सव्विसावे लेणे बुद्धभद्र या भिक्षूने दिले. अश्मक राजाचा मंत्री भव्विराज याच्याशी आपला अनेक जन्मांचा स्नेह होता असे तो म्हणतो आणि हे लेणे त्या मित्राच्या स्मृतीस व मातापित्यांस अर्पण करतो. जगात माणसाची स्मृती जिवंत असेतो त्याला स्वर्गसुख लाभते, म्हणून चंद्रसूर्याइतके टिकणारे स्मारक डोंगरात करावे, हा विचारही याच लेखात आहे. कामावर देखरेख करणाऱ्या धर्मदत्त आणि भद्रबंधु यांची नावे नोंदविण्याचे औदार्य मात्र बुद्धभद्राने दाखविले आहे.

या काळातील बहुतेक दानलेखांचा शेवट एका ठरीव संकल्पाने होतो. या दानाने जे पुण्य लाभेल ते मातापित्यांच्या आणि सर्व प्राण्यांच्या अनुत्तर ज्ञानप्राप्तीसाठी असो, असा त्याचा आशय आहे. प्रारंभी ‘माझे’ आणि अखेरीस ‘सर्वांचे’, ही या लेखांची रचना आहे. प्रश्न असा की, अखेरीचे ‘सर्व’ हे केवळ शिष्टाचाराचे आहे की त्यामागे काही व्यवस्था होती?

२. ‘घुसखोर’ मूर्ती : एका सिद्धान्ताची चिकित्सा

अजिंठ्याच्या आधुनिक अभ्यासात वॉल्टर स्पिंक (१९२८–२०१९) यांचे स्थान असाधारण आहे. अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनी या लेण्यांचा कोपरान् कोपरा तपासला आणि २००५ पासून ‘अजंठा : हिस्टरी अँड डेव्हलपमेंट’ या बहुखंडी ग्रंथात आपला सिद्धान्त मांडला. वाकाटककालीन सर्व काम सुमारे वीस वर्षांत झाले. इ. स. ४७७ च्या सुमारास हरिषेण मरण पावला. मोठे दाते पांगले. त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत उरलेल्या भिक्षूंनी व उपासकांनी जेथे जागा मिळेल तेथे, लेण्याच्या मूळ आराखड्याची पर्वा न करता, आपापल्या लहानमोठ्या बुद्धमूर्ती कोरून आणि रंगवून घेतल्या. या मूर्तींना स्पिंक ‘घुसखोर’ या अर्थाच्या शब्दाने संबोधतात. हरिषेणाच्या हयातीत मुख्य दात्यावाचून कोणालाही लेण्यात दान करता येत नव्हते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

इतक्या तंतोतंत कालगणनेविषयी सर्व विद्वानांचे एकमत नाही. तो वाद येथे नको. स्पिंक यांचे निरीक्षण मान्य करावे लागते. एकोणिसाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर आणि सव्विसाव्या लेण्याच्या परिसरात अशा मूर्ती दाटीने कोरलेल्या दिसतात. नवव्या आणि दहाव्या लेण्यांच्या स्तंभांवर पाचव्या शतकातील बुद्धाच्या आकृती स्वतंत्रपणे रंगविल्या आहेत. एका सुसंगत रचनेत त्यांनी खंड पाडला, हे दिसतेच. आक्षेप आहे तो शब्दाला आणि त्या शब्दामागील गृहीतकाला.

घुसखोर कोणास म्हणावे? ज्याचा त्या जागेवर अधिकार नाही, त्याला. मग या लेण्यावर अधिकार कोणाचा होता? स्पिंक यांच्या मांडणीत तो मुख्य दात्याचा ठरतो. वराहदेवाने लेणे कोरविले, म्हणून आराखडा वराहदेवाचा, आणि त्यात भर घालणारा तो घुसखोर. परंतु या उशिराच्या लेखांपैकी अनेकांत दाता स्वतःला ‘शाक्यभिक्षु’ म्हणवितो. म्हणजे ज्यांच्या निवासासाठी विहार कोरला त्यांच्यापैकीच तो एक आहे. घरात राहणाऱ्यालाच घुसखोर ठरविणे ही दात्याच्या वाड्यातून केलेली पाहणी होय. वराहदेवाने विहार ज्या क्षणी संघाला दिला त्या क्षणी तो वराहदेवाचा राहिला नाही, ही विनयाची भूमिका या मांडणीत विसरली जाते.

येथे एक विरोधी पुरावा आहे आणि तो टाळणे योग्य होणार नाही. चौथ्या लेण्यातील मुख्य बुद्धमूर्तीवरील लेखात दाता माथुर याला ‘विहारस्वामी’ म्हटले आहे. मूलसर्वास्तिवादी विनयातही विहाराच्या अशा स्वामीचा उल्लेख वारंवार येतो आणि ग्रेगरी शोपेन यांनी त्यावरून गृहस्थ दात्याचा विहाराशी असलेला संबंध दानानंतरही तुटत नव्हता, असे दाखविले आहे. तेव्हा पाचव्या शतकात दात्याचा काही मान व हक्क शिल्लक राहत असे, हे कबूल केले पाहिजे. परंतु स्वामित्वाचा हा अर्थ विक्रीच्या किंवा वाटणीच्या हक्काचा नाही. तो मुख्यतः देखभालीच्या जबाबदारीचा आहे. स्वामी निघून गेला आणि जबाबदारी घेणारा कोणी उरला नाही, तेव्हा तेथे राहणाऱ्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे भर घातली. यास अव्यवस्था म्हणता येईल, घुसखोरी म्हणता येणार नाही.

३. संघाची मालकी म्हणजे काय

या प्रश्नाचे मूळ उत्तर पालि विनयात आहे. चुल्लवग्गाच्या सेनासनक्खंधकात कीटागिरी येथील एक प्रसंग येतो. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांना निवास द्यावा लागू नये म्हणून अस्सजि-पुनब्बसुक गटाच्या भिक्खूंनी संघाची सर्व निवासस्थाने आपापसांत वाटून घेतली. तथागतांनी त्याचा धिक्कार केला आणि पाच प्रकारच्या वस्तू ‘अवेभंगिय’, म्हणजे वाटता न येणाऱ्या, म्हणून घोषित केल्या. आराम व त्याची जमीन, विहार व त्याची जमीन, खाटा-गाद्यांसारखे सामान, धातूची भांडी व हत्यारे, आणि वेली, बांबू, गवत, माती, लाकूड यांसारखे साहित्य. या वस्तू एका भिक्खूला, एका गटाला, इतकेच काय पण संपूर्ण संघालाही वाटून टाकता येत नाहीत. वाटल्या तरी त्या वाटल्या गेल्या असे होत नाही. वाटणारा मात्र दोषी ठरतो.

संपूर्ण संघालाही हा अधिकार का नाही? कारण मालक हा आज उपस्थित असलेला संघ नव्हेच. विनयातील शब्द ‘आगतानागत चातुद्दिस संघ’ असा आहे. आलेला आणि अद्याप न आलेला, चारही दिशांचा संघ. अनाथपिंडिकाने जेतवन याच संघाला दिले. म्हणजे अद्याप जन्मालाही न आलेल्या भिक्खूचा या मालमत्तेत हिस्सा आहे. आजच्या बहुमताने त्याचा हिस्सा विकता येत नाही. सामूहिक हित म्हणजे उपस्थितांचे बहुमत नव्हे, हा विचार अडीच हजार वर्षांपूर्वी कायद्याच्या भाषेत मांडला गेला, याची दखल आपल्या समाजशास्त्रात पुरेशी घेतली गेलेली नाही.

परंतु विनय येथेच थांबला असता तर तो व्यक्तीला चिरडणारा ठरला असता. महावग्गाच्या चीवरक्खंधकात दुसरी बाजू आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. संघाला तो निरुपयोगी झाला म्हणून कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः त्याला आंघोळ घातली आणि भिक्खूंना बजावले की तुम्हांला येथे मातापिता नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा करायची. याच प्रसंगाला जोडून मृत भिक्खूच्या मालमत्तेचा नियम येतो. त्याचे पात्र व चीवर शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे, हलके सामान उपस्थित संघाने वाटून घ्यावे, आणि जड सामान चारही दिशांच्या संघाचे राहावे. व्यक्ती, उपस्थित समूह आणि भावी समूह या तिघांचे वाटे येथे वेगळे केले आहेत. ज्याने सेवा केली त्याच्या व्यक्तिगत कष्टाची कदर आहे. परंतु विहाराला हात लावण्याची परवानगी कोणालाच नाही. आत्महित आणि संघहित यांचा मेळ उपदेशाने नव्हे, तर काय वाटता येईल आणि काय वाटता येणार नाही हे ठरवून घातला गेला.

हे केवळ ग्रंथात राहिले नाही, याचा पुरावा नाशिकच्या लेण्यांत आहे. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल कधीही परत घ्यायचे नाही. व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंच्या चीवरांचा खर्च भागवायचा. ही ‘अक्षयनीवी’. चीवर व्यक्तीचे, मुद्दल भविष्याचे. विनयातील तोच भेद येथे नाण्यांत उतरला आहे.

४. आत्महित म्हणजे स्वार्थ नव्हे

आता विचाराच्या बाजूकडे वळू. आपल्याकडे पाठ्यपुस्तकांतून रुजलेले एक सुलभीकरण असे की, थेरवादी अर्हत् स्वतःपुरता पाहणारा आणि महायानी बोधिसत्त्व इतरांसाठी झटणारा. अजिंठ्याच्या वाकाटककालीन लेखांतील ‘सर्व प्राणी’ हा शब्द या सुलभीकरणाच्या पुष्ट्यर्थ दाखविला जातो. पालि सुत्ते वाचणाऱ्याला ही विभागणी टिकत नाही असे दिसून येईल.

अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात चार प्रकारच्या व्यक्ती सांगितल्या आहेत. ना आत्महितासाठी ना परहितासाठी झटणारी, केवळ परहितासाठी झटणारी, केवळ आत्महितासाठी झटणारी आणि दोहोंसाठी झटणारी. पहिली व्यक्ती दोन्ही टोकांना जळालेल्या आणि मध्ये शेणाने माखलेल्या चितेवरील लाकडासारखी. ते ना गावात उपयोगी ना रानात. चौथी सर्वश्रेष्ठ. येथवर कोणाला अडचण नाही. अडचण मधल्या क्रमाची आहे. केवळ परहितासाठी झटणाऱ्यापेक्षा केवळ आत्महितासाठी झटणारा श्रेष्ठ ठरविला आहे. समाजसेवेचे मूल्य मानणाऱ्या आपल्या वाचकाला हे खटकेल, आणि खटकलेच पाहिजे.

याचा उलगडा त्याच वग्गातील पुढील सुत्तात आहे. तेथे पंचशीलाच्या संदर्भात या चौघांची व्याख्या केली आहे. स्वतः शील पाळतो पण इतरांना प्रवृत्त करीत नाही, तो आत्महितवाला. इतरांना शील पाळा म्हणून सांगतो पण स्वतः पाळत नाही, तो केवळ परहितवाला. म्हणजे येथे ‘परहित’ हा त्याग नसून कोरडा उपदेश आहे. व्यसनमुक्तीवर व्याख्यान देऊन रात्री मद्य घेणारा वक्ता आणि गाजावाजा न करता मद्य सोडणारा मजूर, यांत मजूर श्रेष्ठ, इतकाच या क्रमाचा अर्थ. चळवळीत वावरणाऱ्यांना याची उदाहरणे शोधण्यास दूर जावे लागणार नाही.

धम्मपदाच्या अत्तवग्गातील शेवटच्या गाथेचेही असेच आहे. परक्याच्या मोठ्या कार्यासाठीही आत्मार्थ सोडू नये, असा तिचा आशय. काही भाषांतरांत ‘अत्थ’ या शब्दासाठी सरळ ‘स्वार्थ’ हा शब्द योजला जातो आणि वाचक बुचकळ्यात पडतो. अट्ठकथेनुसार प्रसंग असा. तथागतांचे महापरिनिर्वाण चार महिन्यांवर आले असता अनेक भिक्खू शोकाकुल होऊन त्यांच्याभोवती घोळका करून राहिले. एक थेर मात्र एकांतात साधना करू लागला. इतरांनी त्याला प्रेमशून्य ठरविले. भगवंतांनी त्याचीच प्रशंसा केली. येथे ‘अत्थ’ म्हणजे लाभ नव्हे, तर ‘सदत्थ’, स्वतःच्या शुद्धीचे ध्येय. मराठीतील ‘स्वार्थ’ हा शब्द दुसऱ्याचे काढून घेण्याचा वास घेऊन येतो. ‘आत्महित’ हा शब्द त्यापासून कटाक्षाने वेगळा ठेवला पाहिजे.

संयुत्त निकायातील सेदक सुत्तात तर दोन्ही टोके जोडलेली आहेत. बांबूवर कसरत करणारा डोंबारी शिष्याला म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य मेदकथालिका उत्तरते की प्रत्येकाने आपापला तोल सांभाळावा, म्हणजे खेळ पार पडेल. भगवंत शिष्याचे म्हणणे उचित ठरवितात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. स्वतःला सांभाळणारा इतरांना सांभाळतो, आणि क्षमा, अहिंसा, मैत्री व करुणा यांनी इतरांना सांभाळणारा स्वतःला सांभाळतो, असे ते सांगतात. खांद्यावर माणूस उभा असताना आपला तोल हा एकट्याचा प्रश्न राहत नाही.

५. बाबासाहेबांचा प्रश्न

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या परिचयात बाबासाहेबांनी जे चार प्रश्न उपस्थित केले त्यांतील शेवटचा भिक्खूविषयी आहे. भिक्खू निर्माण करण्यात बुद्धांचा हेतू परिपूर्ण मनुष्य घडविण्याचा होता की समाजसेवक घडविण्याचा? केवळ परिपूर्ण मनुष्य असेल तर तो आत्मकेंद्री ठरेल आणि धम्मप्रसाराला निरुपयोगी होईल. समाजसेवक असेल तर धम्माला भवितव्य आहे, असा त्यांचा आशय. वरील सुत्ताशी याचा विरोध आहे काय? माझ्या मते नाही. अंगुत्तराचे सुत्त दुसऱ्या व तिसऱ्या व्यक्तीचा क्रम लावते; बाबासाहेब तिसऱ्या व्यक्तीवर न थांबता चौथ्या व्यक्तीची मागणी करतात. आचरणाविना सेवा पोकळ आहे हे सुत्त सांगते. सेवेविना आचरण अपुरे आहे हे बाबासाहेब सांगतात. बहुजनहितासाठी चारिका करण्याचा मूळ आदेश दोहोंच्या मागे आहे.

मात्र दोन ठिकाणी अजिंठ्याचे लेख आणि बाबासाहेबांचे विवेचन यांत अंतर आहे आणि ते झाकू नये. पहिले मालमत्तेविषयी. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात बाबासाहेबांनी भिक्खूंच्या अपरिग्रहाचे नियम रशियातील साम्यवादाहूनही कडक असल्याचे दाखविले. परंतु बुद्धभद्राने एवढे चैत्यगृह कोरविले ते भिक्षापात्रातून नव्हे. भारहुत, सांची येथील लेखांतही भिक्षू व भिक्षुणी दाते म्हणून आढळतात, हे शोपेन यांनी आग्रहाने मांडले आहे. बाबासाहेबांनी नियम सांगितला, शिलालेख व्यवहार सांगतात. नियम आणि व्यवहार यांतील ही दरी कशी रुंदावत गेली, हा धम्माच्या ऱ्हासाच्या इतिहासाचाच एक भाग आहे.

दुसरे अंतर पुण्याविषयी. अनेक जन्मांचा स्नेह आणि मृतांना पोहोचणारे पुण्य या कल्पना बाबासाहेबांच्या कम्मविचारात बसत नाहीत. त्या ओढूनताणून बसविण्याची गरज नाही. परंतु पुण्याचा हिशेब बाजूला ठेवला तरी या लेखांत कृतज्ञता उरते. मृत भाऊ, दिवंगत मित्र, आई, वडील. व्यक्तिगत दुःखातून सार्वजनिक वस्तू निर्माण झाली, हे त्यातील सत्य आजही ग्राह्य आहे. आपल्या वस्त्यांत आईवडिलांच्या स्मरणार्थ ग्रंथालयाला पुस्तके देणारा तरुण हेच करीत असतो.

आणखी एक गोष्ट हे लेख सांगत नाहीत. ज्यांनी हा कातळ फोडला त्या पाथरवटांची, ज्यांनी भिंती लिंपल्या आणि रंगविल्या त्यांची नावे दात्यांच्या प्रशस्तीत नाहीत. मंत्र्याचे धन गावोगावच्या महसुलातून आले, त्या गावकऱ्यांचीही नोंद नाही. समूहाचे श्रम आणि एकाचे नाव, हा अन्याय अजिंठ्यातही आहे. त्या तुलनेत कटहादीचे कमानीपुरते नाव अधिक प्रामाणिक वाटते.

६. तीन प्रकारची नावे

दहाव्या लेण्याचे स्तंभ या सर्व विवेचनाचे सार एका जागी दाखवितात. मूळ चैत्य इसवी सनापूर्वीचा, अनेकांच्या वाट्यांतून उभा राहिलेला. त्याच्या स्तंभांवर पाच-सहा शतकांनंतरच्या दात्यांनी बुद्धाच्या आकृती रंगविल्या. आणि तशाच एका आकृतीवर २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीस आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव व तारीख खरवडली. पहिल्या नावाने वास्तूचा एक भाग दिला. दुसऱ्याने आधीच्या वास्तूत एक मूर्ती वाढविली. तिने रचना बिघडली असेल, पण ती येणाऱ्या प्रत्येकाच्या वंदनेसाठी खुली राहिली. तिसऱ्या नावाने काही दिले नाही. जे सर्वांचे होते त्यातून काही काढून घेतले. व्यक्तीच्या नावाला समूहाच्या भिंतीवर स्थान आहे की नाही, याची कसोटी येथे मिळते. त्या नावामुळे सर्वांच्या वाट्यात भर पडली की घट झाली, हे पाहावे. या कसोटीवर शाक्यभिक्षू घुसखोर ठरत नाही; जॉन स्मिथ ठरतो.

ही कसोटी आजही लागू आहे. लेणी १९८३ मध्ये जागतिक वारसा ठरली. पुढे प्रदूषण टाळण्यासाठी खाजगी वाहने फर्दापूरच्या तिठ्यावर थांबविण्यात आली आणि लेण्यांजवळच्या विक्रेत्यांची दुकानेही तिकडे नेण्यात आली. चित्रे वाचविणे हे न जन्मलेल्यांचे हित, ते श्रेष्ठच. परंतु विनयाने शुश्रूषा करणाऱ्याला पात्र-चीवर द्यायला सांगितले, हेही विसरता येत नाही. लेण्यांच्या भोवती ज्यांचे पोट आहे त्यांचा वाटा ठरविल्याशिवाय केलेले जतन अर्धेच होय.

आणि ही कसोटी आपल्या विहारांनाही लावली पाहिजे. पंख्यावर, फरशीवर, कमानीवर नाव घालण्याची टीका नेहमी होते. त्या नावाला माझा आक्षेप नाही. ज्या मजुराने दोन दिवसांची मजुरी देऊन एक खिडकी दिली, त्याचे नाव खिडकीवर असावे. जेतवनात जमिनीचा थोडा भाग राजपुत्र जेताने आपल्याकडे राखून तेथे द्वारकोष्ठक बांधले, आणि सुत्तांनी अनाथपिंडिकासह जेताचेही नाव राखले. आक्षेप आहे तो कीटागिरीच्या वृत्तीला. दोन गटांत वाद झाला की एक गट विहाराला कुलूप लावतो, दुसरा शेजारच्या गल्लीत नवा विहार बांधतो. विश्वस्त मंडळ वारसाहक्काचे होते. विहाराची जागा दुकानांना दिली जाते आणि बैठकीत ‘बहुमताने ठरले’ असे सांगितले जाते. विनयाच्या भाषेत हे अवेभंगियाचे विभाजन आहे आणि ते बहुमतानेही वैध होत नाही. कारण त्या बैठकीत एक भागधारक नेहमीच गैरहजर असतो. तो म्हणजे अनागत संघ, उद्या त्या विहारात बसून अभ्यास करणारे मूल.

विहारांच्या घटना आणि नियमावल्या आपण लिहितो तेव्हा धर्मादाय आयुक्तांच्या नमुन्याबरोबर चुल्लवग्गही उघडावा. कोणत्या वस्तू वाटता येतील, कोणत्या कधीच नाहीत, कोणाच्या श्रमाची नोंद कोठे होईल आणि मुद्दल कोठे अक्षय राहील, हे चार मुद्दे त्यात स्पष्ट असावेत. नाव दात्याचे असू द्यावे. विहार चारही दिशांचा असला पाहिजे.